पपईचा चीक, अननसाचा देठ आणि भाजलेली जखम



मागच्या वेळी आपण गॅसची नळी, शेगडी आणि पदर यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटाच्या ताईंचा स्टुडिओत फोन आला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. भाजलेल्या जखमेवर कच्च्या पपईचा गर लावला की मेलेली कातडी आपोआप सुटते आणि ऑपरेशन टळतं, असं त्यात सांगतात. आमच्या परसात पपईचं झाड आहे. लावावं का?"

प्रश्न मला आवडला. कारण त्या व्हिडिओतलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असतं तेच जास्त फसवतं. साफ खोटं असतं तर मी एका वाक्यात "नका लावू" म्हणून मोकळी झाले असते. तसंही माझं उत्तर "नका लावू" हेच आहे. पण का नको, आणि त्या पपईच्या मागे जे खरं शास्त्र आहे त्याचा आपल्याला काय उपयोग, हे आज सावकाश सांगते. भाजलेल्यांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा काही गोष्टी तिथल्या सांगेन.

आधी मेलेल्या कातडीचं बघू.

आपण सगळे भाजणं एकाच शब्दात बोलतो, पण चटक्याचे प्रकार निराळे असतात. तव्याला बोट लागलं, लाल झालं, चुरचुरलं, ते वरवरचं. गरम पाणी सांडून फोड आले, फोडाखाली ओलसर गुलाबी कातडी दिसते आणि वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, ते त्याच्या खालच्या थरापर्यंत गेलेलं. आणि तिसरं म्हणजे उकळतं तेल, गुऱ्हाळातली काकवी किंवा अंगावरच्या साडीने धरलेला पेट. यात कातडी पांढरट, पिवळट किंवा तपकिरी होते, हाताला चामड्यासारखी कडक लागते, आणि नवल म्हणजे तिथे फारसं दुखत नाही.

या न दुखण्याने फार घात केला आहे. घरची माणसं सांगतात, "तिला काही त्रास नव्हता हो, शांत पडून होती, म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो." दुखत नाही याचा अर्थ दुखणं कळवणाऱ्या नसासुद्धा जळून गेल्या. दुखणारी भाजलेली जखम एका परीने बरी, ती अजून जिवंत आहे.

आता ही जळालेली, मेलेली कातडी अंगावर तशीच राहिली तर काय होतं? अंड्याचा पांढरा बलक उकळला की घट्ट होतो, तो परत पातळ होत नाही. कातडीतल्या प्रथिनांचं तसंच होतं. मेलेल्या थरात रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे शरीराचे शिपाई तिथे पोचत नाहीत, गोळ्या-इंजेक्शनचं औषधही पोचत नाही. जंतूंना मात्र ती आयती मेजवानी. शिवाय खाली जी थोडी जिवंत कातडी उरलेली असते, तिला भरून यायला वाव मिळत नाही.

हात किंवा पाय चहूबाजूंनी खोल भाजला असेल तर आणखी एक संकट असतं. मेलेली कातडी ताणत नाही आणि आतून सूज तर वाढत असते. घट्ट बांगडीसारखा तो थर आवळत जातो आणि पुढच्या बोटांचं रक्त तुटतं. अशा वेळी डॉक्टर त्या कडक थराला उभी चीर देतात. नातेवाईक घाबरतात. "आधीच भाजलीय, आता कापताय कशाला?" असा आरडाओरडा मी किती वेळा ऐकला असेल. ती चीर बोटं वाचवायला असते.

म्हणून मेलेली कातडी निघायला हवी. प्रश्न एवढाच की ती कधी काढायची आणि कशाने.

जुन्या काळी थांबायचे. दोन-तीन आठवडे रोज पट्टी बदलायची आणि मेलेला थर आपोआप सुटायची वाट बघायची. तो सुटायचाही. पण सुटायचा कसा? आपल्या रक्तातल्या पेशी आणि जखमेत वाढलेले जंतू असे दोघं मिळून तो थर कुरतडायचे. म्हणजे जंतूंची मदत घेऊन जखम साफ व्हायची, आणि तेच जंतू रक्तात गेले की माणूस जायचा. जी वाचायची, तिची जखम इतक्या दिवसांनी भरताना आकसायची. हनुवटी छातीला चिकटलेली, काखेत हात अडकलेला, बोटं तळव्याकडे वळलेली अशा बायका तुम्हीही कुठल्या तरी गावात पाहिल्या असतील. तीन आठवड्यांच्या वर रेंगाळलेल्या जखमेला जाड, ओढणारा वण येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

हे चित्र बदलण्यात एका बाईचा मोठा हात आहे. तिचं नाव झोरा यान्झेकोविच. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आताच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी ती सर्जन होती. तिने वाट बघणं सोडलं. भाजल्यावर पहिल्या काही दिवसांतच ती धारदार पात्याने मेलेली कातडी पापुद्र्या-पापुद्र्याने तासायची. खाली टिपटिप रक्त दिसायला लागलं की थांबायची, कारण रक्त आलं म्हणजे जिवंत थर लागला. मग त्यावर लगेच रुग्णाच्याच अंगावरची पातळ कातडी लावायची. १९७० मध्ये तिने हे जगापुढे मांडलं आणि पुढे सगळीकडचे डॉक्टर ते शिकले. आज मोठ्या रुग्णालयात भाजलेल्या रुग्णाला लवकर ऑपरेशनला नेतात, ते हेच.

पण पात्याला एक मर्यादा आहे. सर्जनचा हात कितीही कसलेला असो, मेलेला थर कुठे संपला आणि जिवंत कुठे सुरू झाला, ही रेघ केसाएवढी बारीक असते. पात्याबरोबर थोडी जिवंत कातडीही जाते. रक्त बरंच जातं. आणि हाताची बोटं, बोटांच्या मधल्या बेचक्या, अशा जागी पातं चालवणं फार नाजूक काम असतं. जिवंत थर जपणं इतकं महत्त्वाचं का? तर त्या थरात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी असतात, आणि नवी कातडी तिथूनच उगवते. शेताची वरची चार बोटं माती वाहून गेली की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

इथे आपली पपई येते.

मटण निबर असलं की आपण त्याला कच्च्या पपईचा तुकडा लावतो. का? पपईच्या चिकात पापेन नावाचा पदार्थ असतो, तो प्रथिनांचे तुकडे करतो. अशा पदार्थाला एन्झाइम म्हणतात, शाळेच्या पुस्तकात त्याला विकर असा शब्द आहे. खानदेशात कच्च्या पपईला सकाळी बारीक चरे पाडून चीक गोळा करतात, वाळवतात आणि त्यातून पापेन निघतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं असंच एन्झाइम आहे. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते ती यानेही. ताजा अननस दुधात घातला की दूध कडवट होतं, पण अननसाच्या शिऱ्यात तसं होत नाही, कारण शिजवल्यावर हे एन्झाइम निकामी होतं. शास्त्रज्ञाला जे प्रयोगशाळेत कळतं ते आपल्याला कढईपाशी कळलेलं असतं, फक्त त्याला नाव नसतं.

तर विचार असा निघाला, की मटण मऊ करणारं हेच एन्झाइम मेलेली कातडी विरघळवेल का? विरघळवतं. उष्णतेने बिघडलेली प्रथिनं ते पटकन तोडतं. जिवंत कातडीत रक्त खेळत असतं आणि रक्तात या एन्झाइमांना आवर घालणारे पदार्थ असतात, म्हणून जिवंत भाग बराचसा वाचतो. अशा रीतीने एन्झाइम लावून मेलेली कातडी काढण्याला डॉक्टर एन्झाइमॅटिक डिब्राइडमेंट म्हणतात. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा: पात्याऐवजी लेपाने सफाई.

पपईचा गर जखमेवर लावल्याची खरीखुरी नोंदही आहे. आफ्रिकेत गांबिया नावाचा छोटा देश आहे. तिथे बांजुल शहराच्या मोठ्या रुग्णालयात, भाजलेल्या मुलांच्या जखमांवर कुस्करलेली पपई रोज लावत असत. १९९९ मध्ये भाजण्यावरच्या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं. मेलेला थर सुटायला मदत होते आणि खालची जखम कातडी लावायला तयार होते, असं त्यांना दिसलं. तो व्हिडिओ करणाऱ्याने कदाचित हेच कुठेतरी ऐकलं असेल. पण त्याने पुढचं सांगितलं नाही. ती मुलं घरी नव्हती, वॉर्डात होती. रोज जखम धुऊन बघणारी माणसं होती, आणि जखम तयार झाल्यावर कातडी लावायला सर्जन होते. पपई लावणं ही त्या गरीब देशाने महागड्या औषधांअभावी काढलेली वाट होती, आणि तीसुद्धा रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत.

आता दुसरी बाजू. पापेन घातलेली मलमं अमेरिकेत वर्षानुवर्षं विकली जात होती. २००८ साली तिथल्या औषध खात्याने ती बाजारातून काढायला लावली. काही रुग्णांना त्याची जबर अॅलर्जी झाली होती, रक्तदाब एकदम खाली गेला, छाती धडधडायला लागली. म्हणजे तयार केलेल्या, मोजलेल्या मलमाची ही कथा. परसातल्या पपईत पापेन किती आहे ते कोण सांगणार? कच्चीत जास्त, पिकत जाईल तसं कमी. सालीवर माती, सुरीवर कालची भाजी, आणि हे सगळं उघड्या मांसावर. शिवाय घरी आपल्याला हे कळतच नाही की जखम किती खोल आहे आणि लेप कुठे थांबवायचा. म्हणून ताई, परसातली पपई खायला ठेवा, मटणाला लावा. जखमेला नको.

मग या शास्त्राचं पुढे काय झालं? कोलॅजिनेज नावाचं एक मलम आहे, ते एका जंतूपासून मिळतं आणि अमेरिकेत १९६५ पासून वापरात आहे. ते सौम्य आहे पण सावकाश काम करतं, रोज लावावं लागतं आणि दिवसच्या दिवस जातात. पपईच्या घराण्यातलं नाही, पण काम तेच.

खरी उडी अननसाने घेतली. इस्राएलमधले प्लास्टिक सर्जन लिओर रोझेनबर्ग यांनी अननसाच्या देठातून, म्हणजे झाडाच्या बुंध्यातून मिळणाऱ्या एन्झाइमांवर बरीच वर्षं काम केलं आणि त्यातून नेक्सोब्रिड नावाचं औषध आलं. युरोपात २०१२ च्या अखेरीस आणि अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस त्याला परवानगी मिळाली. हे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळणार नाही, ते महाग आहे, आणि मी काही त्याची जाहिरात करायला बसलेली नाही. पण ते कसं वापरतात हे ऐका, म्हणजे घरी पपई का चालत नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

औषधाची भुकटी थंड कपाटात ठेवलेली असते. लावायच्या वेळीच ती जेलमध्ये कालवतात आणि कालवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत लावतात, नाहीतर जोर उतरतो. त्याआधी जखम स्वच्छ धुतात, सगळे फोड काढतात, आणि जंतुनाशकात भिजवलेल्या पट्ट्या दोन तास ठेवतात. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचा बांध घालतात. शेताला बांध घालतो ना, तसा, म्हणजे औषध बाहेर जाऊन चुरचुरायला नको. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीचा लेप देतात, वरून पातळ प्लॅस्टिक चिकटवतात आणि चार तास ठेवतात. चार तास, त्याहून जास्त नाही. हे सगळं दुखतं, चांगलंच दुखतं, म्हणून आधी भूल देतात किंवा तो हात-पाय बधिर करतात. चार तासांनी मेलेला थर लोळागोळा झालेला असतो. तो निर्जंतुक चपट्या काडीने निपटून काढतात. खाली गुलाबीसर पांढरा थर आणि त्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले की डॉक्टरांचा चेहरा खुलतो. जिवंत कातडी सापडली.

मोठ्या भागावर एकाच वेळी ते लावत नाहीत. रसायनाने किंवा विजेच्या धक्क्याने भाजलेल्याला सहसा ते चालत नाही. आणि ज्याला अननस किंवा पपईची अॅलर्जी आहे त्याला तर अजिबातच नाही. म्हणून वॉर्डात कोणी विचारलं, "हिला अननस खाल्ल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का?" तर हसू नका, नीट आठवून सांगा.

याचा फायदा किती? २०१४ मध्ये दीडशेच्या वर रुग्णांची एक तपासणी प्रसिद्ध झाली. ती औषध काढणाऱ्यांच्याच पुढाकाराने झालेली होती, तेव्हा थोडी चिमूट धरूनच ऐकायची. नेहमीच्या उपचारात मेलेली कातडी पूर्ण निघायला भाजल्यापासून सरासरी पावणेनऊ दिवस लागले, लेपाने सव्वादोन दिवसांत काम झालं. नेहमीच्या उपचारात शंभरातल्या सत्तर जणांची मेलेली कातडी ऑपरेशन करून काढावी लागली, लेपाच्या गटात साधारण पंचवीस जणांची. पुढे राहिलेले वण मात्र दोन्ही गटांत साधारण सारखेच होते. म्हणजे जादू नाही. ऑपरेशन कमी, रक्त कमी, दिवस कमी, आणि बोटांसारख्या नाजूक जागी जिवंत कातडी जपण्याची जास्त संधी. जिचा सगळा संसार हातावर चालतो तिच्यासाठी हे थोडं नाही.

झाडापाल्याचं नाव काढलं की शहरातले डॉक्टर नाक मुरडतात, असं काहींना वाटतं. तसं नाही हो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली, त्यावर अभ्यास केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. केळीचं पान गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण ओरडत नाही, आणि स्वस्त. पण ती पानं निर्जंतुक करून मगच वापरली होती, बांधावरून तोडून आणून थेट लावलेली नव्हती. याच डॉक्टरबाईंनी २००० साली तिथे त्वचापेढी सुरू केली. मेल्यानंतर दान केलेली कातडी तिथे साठवून भाजलेल्यांना लावतात. डोळ्यांसारखं कातडीचंही दान करता येतं, हे आपल्या गटांत फार थोड्या जणींना माहीत असतं. त्यावर एकदा वेगळं बोलू.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पातं असो की लेप, जिल्ह्याचं रुग्णालय असो की मोठं बर्न सेंटर, रुग्ण त्यांच्यापर्यंत कधी आणि कशा अवस्थेत पोचतो यावर अर्धं अवलंबून असतं. आणि ते अर्धं आपल्या हातात आहे.

एक बाई आमच्याकडे नवव्या दिवशी आली होती. दिवाळीच्या तळणाचं तेल उजव्या हातावर सांडलेलं. हातावर एकावर एक थर होते. आधी टूथपेस्ट, मग हळद आणि खोबरेल तेल, मग कोणीतरी निळी शाई सांगितली ती, आणि सगळ्यांवर गावातल्या एका दवाखान्यातलं पांढरं मलम. प्रत्येक थर कोणीतरी मायेनेच लावला होता. ते सगळं धुऊन काढण्यात आमचा तासभर गेला आणि त्या बाईचा जीव गेल्यासारखा झाला. खाली बघतो तर पू. पहिल्या दिवशी ती आली असती तर कोणता भाग मेलाय आणि कोणता जिवंत आहे ते रंगावरून दिसलं असतं. आता सगळंच पिवळं-निळं. हात वाचला, पण दोन बोटं वळलेलीच राहिली. भाकरी थापता येत नाही असं पुढे ती सांगायची. थापते, पण डाव्या हाताने.

त्या पांढऱ्या मलमाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. भाजल्यावर बहुतेक ठिकाणी चांदीचं पांढरं मलम लावतात. ते जंतूंवर चांगलं औषध आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते लावल्यावर जखमेवर एक पांढरट साय धरते आणि खाली जखम किती खोल आहे ते दिसेनासं होतं. शिवाय त्यातली चांदी या एन्झाइमांना निकामी करते. आयोडीनच्या औषधाचंही तसंच. म्हणून मोठी किंवा खोल भाजलेली बाई तुम्ही जवळच्या दवाखान्यात नेलीत, तर अदबीने एवढं विचारा: "डॉक्टर, हिला पुढे पाठवायचं आहे का? पाठवायचं असेल तर मलम न लावता नुसतं स्वच्छ कापड गुंडाळून पाठवलं तर चालेल का?" वाद घालायचा नाही, विचारायचं. बहुतेक डॉक्टरांना ते पटतं.

घरी काय करायचं तेही बघा. भाजल्याबरोबर नळाचं किंवा कळशीचं साधं पाणी, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं ओतत राहायचं. घड्याळ लावून वीस. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत कधीही केलं तरी फायदा होतो. बर्फ नाही, माठात बुडवणं नाही. लहान मूल असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी ओता, बाकीचं अंग उबदार पांघरुणात ठेवा, नाहीतर गारठून दुसरंच होऊन बसतं. चिकटलेलं कापड ओढू नका, आजूबाजूने कातरा. मग धुतलेलं सुती कापड, जुन्या मऊ साडीचं चालेल, सैलसर पांघरून घाला. झालं. दुसरं काही लावायचं नाही. तूप, शाई, पेस्ट, चुन्याची निवळी, राख, अंडं, कोरफड यातलं काही नाही, आणि पपई तर नाहीच.

बांगड्या, अंगठ्या आणि जोडवी पहिल्या अर्ध्या तासात काढा. हे मी जोर देऊन सांगते, कारण इथे बायका अडतात. "सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या कशा फोडायच्या" म्हणून सासूबाई थांबतात, आणि तोवर सूज येऊन बांगडी मांसात रुतते. साबण लावून काढा, नाहीच निघाली तर कापडात धरून फोडा. मंगळसूत्र गळ्याजवळ भाजलेलं असेल तर तेही काढून नवऱ्याच्या खिशात द्या. नवा चुडा पुढच्या बाजारात मिळतो.

किती भाजलंय हे फोनवर सांगायला एक सोपं माप आहे. जी भाजली आहे तिचाच पंजा, बोटांसकट, म्हणजे तिच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. भाजलेल्या जागेवर असे किती पंजे बसतील ते मोजा. "हात भाजलाय" म्हणण्यापेक्षा "बारा पंजे भाजलेत" असं सांगितलं तर पलीकडच्या माणसाला लगेच कळतं. मूल असेल आणि दहाच्या वर गेलं, मोठ्या माणसाचं पंधराच्या वर गेलं, तर थेट मोठं रुग्णालय. चेहरा, हात, पाय, गुडघ्या-कोपरासारखे सांधे, लघवीची जागा, यांपैकी काही भाजलं असेल तर पंजे मोजत बसू नका, तसंच निघा. पांढरी-तपकिरी, न दुखणारी कातडी दिसली तरीही निघा. बंद खोलीतल्या आगीत सापडली असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर एक मिनिटही घालवू नका. १०८ ची गाडी मोफत आहे.

उशीर होण्याचं आणखी एक कारण असतं, ते सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. पोलीस केस होईल ही भीती. सासरचे म्हणतात, घरीच बघू. हो, भाजलेल्या रुग्णाची रुग्णालय पोलिसांना खबर देतं. पण उपचार जबाबासाठी थांबत नाहीत आणि थांबवू नयेत. गटातल्या दोघी-तिघी बरोबर गेलात तर त्या बाईला धीर येतो, आणि जबाब देताना तिच्या कानाशी कोणी कुजबुजत नाही. यापुढे मी काही बोलत नाही, तुम्हाला कळलं.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत असू द्या. ते राहिलं म्हणून घरी मात्र थांबू नका, मागून कोणी आणेल.

शेवटी वॉर्डातलं. डॉक्टर तुम्हाला बोलावून सांगतील की मेलेली कातडी काढायची आहे, सही करा. इथे पुष्कळ घरं मागे सरतात. "रोज ड्रेसिंग करतोय ना, निघेल हळूहळू" म्हणतात, किंवा रुग्णाला घेऊन जातात. त्यापेक्षा प्रश्न विचारा. जखम खोल आहे का? कातडी आपली आपण भरून येईल की लावावी लागेल? मेलेला थर कशाने काढणार, पात्याने की मलमाने, आणि किती दिवसांत? भूल देणार ना? एन्झाइमचा लेप तुमच्याकडे आहे का, आणि हिच्या जखमेला तो योग्य आहे का? नसेल तर नसू दे. चांगल्या हातातलं पातंही उत्तम काम करतं, झोराबाईंनी ते दाखवून दिलं आहे. आणि सांधे भाजले असतील तर एक प्रश्न आणखी: हात कोणत्या स्थितीत बांधून ठेवायचा आणि व्यायाम कधी सुरू करायचा? कारण दुखतंय म्हणून रुग्ण हात पोटाशी धरून बसतो आणि तो तसाच आखडतो. उशाला उशी दिली की मान पुढे झुकते आणि तशीच आकसते. मायेने दिलेली उशी तिथे नडते.

व्हिडिओबद्दल विचारणाऱ्या ताईंना एक विनंती आहे. ज्या गटात तो व्हिडिओ आला, त्याच गटात वीस मिनिटं पाण्याचं आणि बांगड्यांचं तेवढं टाका. पुढच्या महिन्यात याच वेळेला त्वचादानाबद्दल बोलू, कोणाला काही विचारायचं असेल तर तोवर स्टुडिओत कळवा. नमस्कार.